गुडघाभर बूट, पोटरीभर चिखल

साप चावून कुणी दगावल्याची बातमी आली की पाठोपाठ सल्ला येतो: शेतात जाताना उंच बूट घाला. सल्ला देणारा खोटं बोलत नाही. पण हाच सल्ला जुलै महिन्यात साकोली किंवा लाखांदूरकडच्या बांधीत पोटरीभर चिखलात वाकलेल्या बाईला दिला तर ती हसेल, आणि तिचंही काही चुकत नाही. भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत खरिपाचं मुख्य पीक धान. वैनगंगा, चुलबंद, सूर, बावनथडी या नद्या, जागोजागचे मालगुजारी तलाव आणि आता गोसेखुर्दचं पाणी. इथल्या शेतमजुराचे पाय पावसाळाभर कोरडे राहत नाहीत. त्या पायांत काय असावं हा प्रश्न आरोग्याचा आहे, मजुरीचा आहे आणि थोडा पादत्राणांच्या इतिहासाचाही आहे. त्यावरची मतं एका जागी मांडायची तर सुरुवात भंडाऱ्यापासून फार लांब करावी लागते, कारण उंच बूट ही मुळात आपल्याकडची वस्तूच नाही.

रिकिबीतला बूट

काउबॉय बूट म्हटलं की सिनेमातला टोकदार, नक्षीदार बूट डोळ्यांपुढे येतो. त्याचा जन्म मात्र निव्वळ कामापोटी झाला. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि टेक्सासमधली गुरं शेकडो मैल हाकत कॅन्ससमधल्या रेल्वे स्थानकांपर्यंत नेण्याचा धंदा भरात आला. हे गुराखी दिवसच्या दिवस घोड्यावर असत आणि लष्करातून उरलेले बूट त्यांना पुरत नसत. कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल आणि ओलेथा या गावांतल्या मोच्यांनी १८७० च्या दशकात त्यांच्यासाठी निराळा बूट शिवायला घेतला. टेक्सासमध्ये एच. जे. जस्टिन याने १८७९ साली स्पॅनिश फोर्ट या गावी आपलं काम सुरू केलं.

हा बूट नीट पाहिला तर त्याच्या एकेका भागाला कारण सापडतं. टाच उंच आणि आत तिरपी, म्हणजे रिकिबीत ठेवलेला पाय पुढे घसरत नाही. टोक निमुळतं आणि तळ गुळगुळीत, म्हणजे पाय रिकिबीत चटकन शिरतो आणि चटकन निघतो. बंद नाहीत, कारण घोड्यावरून पडलेल्या माणसाचा पाय अडकला तर तो फरपटत जाण्याऐवजी बुटातून निसटावा. पोटरीवरची नळी चौदा इंच किंवा त्याहूनही उंच असे. काटेरी झुडपं, खोगिराच्या पट्ट्यांचं घासणं आणि साप यांच्यापासून तोच आडोसा. नळीवरची शिवण आज शोभेची वाटते. तिचं मूळ काम चामड्याला ताठपणा देण्याचं होतं, नळी घोट्यावर लोळू नये म्हणून.

काटेरी तारांची कुंपणं आली, रेल्वे टेक्सासात पोचली आणि १८८० चं दशक सरता सरता गुरं हाकण्याचा तो धंदा आटोपला. बूट राहिला. रोडिओ आणि हॉलिवूडने त्याला नट्टापट्टा चढवला आणि नळी आखूड होत गेली. ज्यांना अजूनही सापाच्या रानात हिंडायचं असतं त्यांच्यासाठी अमेरिकेत आज वेगळेच ‘स्नेक बूट’ मिळतात, सोळा-सतरा इंच उंच आणि जाड विणीच्या नायलॉनचं अस्तर असलेले.

जस्टिनच्या धंद्यातली एक युक्ती इथे नोंदवून ठेवतो, कारण ती पुढे लागणार आहे. गिऱ्हाईक दूर रानात असल्याने मापाची पट्टी आणि कागद टपालाने त्याच्याकडे जाई. तो स्वतः पाय आणि पोटरी मोजून कळवी आणि बूट त्या पायासाठी बने.

चामड्याचं रबर झालं

चिखलात चालणाऱ्या बुटाची वंशावळ निराळी आहे आणि गंमत म्हणजे ती विदर्भाला शिवून जाते. आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीने १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई जिंकली, २९ नोव्हेंबरला वऱ्हाडातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेचा मोड केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वऱ्हाड सोडावं लागलं. भंडाऱ्याचा मुलूख तेव्हा याच भोसल्यांचा. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनच्या होबी नावाच्या मोच्याकडून त्याने आपल्या लष्करी बुटाचे गोंडे काढून, पायाला नीट बसणारा साधा चामडी बूट करून घेतला. त्या बुटाला त्याचंच नाव पडलं.

चार्ल्स गुडइयरने १८४४ साली रबर पक्कं करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. हायरम हचिन्सन या अमेरिकी माणसाने ती कृती फ्रान्सात नेली आणि १८५३ पासून तिथे रबरी बूट बनू लागले. गिऱ्हाईक कोण, तर लाकडी खडावांसारखी पायताणं घालून ओल्या शेतात राबणारे शेतकरी. शेतासाठी म्हणून केलेला हा बहुधा पहिला मोठ्या खपाचा रबरी बूट. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या पाण्यात उभं राहून सैनिकांचे पाय सडू लागले, तेव्हा एडिंबरोच्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने एकटीने अकरा लाखांहून अधिक जोड ब्रिटिश फौजेला पुरवले. रबराच्या जागी स्वस्त पीव्हीसी आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मोबाइलमुळे घरोघरी माहीत झालेल्या नोकिया कंपनीची एक शाखाही एके काळी फिनलंडमध्ये गमबूट करत असे, एवढा हा धंदा सर्वसामान्य झाला होता.

काउबॉय बूट घोड्यासाठी आणि गमबूट थंड देशातल्या ओल्या जमिनीसाठी झाला. उष्ण हवेत, पाणी कोंडून मुद्दाम मऊ केलेल्या चिखलात दिवसभर उभं राहण्यासाठी या दोन्हींतला एकही आखलेला नव्हता. पुढचा सगळा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

इकडे पायात काय होतं

आपल्याकडे उंच बूट आला तो साहेबाबरोबर आणि राहिला तो पोलीस, शिकारी, घोडदळ यांच्यापाशी. शेतकऱ्याच्या पायात जाड चामड्याची वहाण, नंतर टायरच्या तळाची चप्पल आणि आता रबरी स्लिपर. गावच्या चर्मकाराने बलुत्यावर शिवलेल्या वहाणेने काट्याकुट्यापासून तळवा वाचे. पोटरी उघडीच असे. बांधीत उतरताना ती वहाणही धुऱ्यावर काढून ठेवायची. खळ्यावर तर पायतण न्यायचंच नाही, तिथे धान्याची रास असते. अनवाणी पायाला इथे गरिबीइतकाच रिवाजाचाही आधार आहे, हे बूट वाटायला निघालेल्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

पोटरी झाकण्याचा एक देशी उपाय होता, कापडाची लांब पट्टी गुंडाळण्याचा. ब्रिटिश फौजेने तो इथूनच उचलला आणि पहिल्या महायुद्धात त्यांचे सैनिक या पट्ट्या गुंडाळूनच लढले. तो उपाय शेतात मात्र रुळला नाही. ओली पट्टी सोडून वाळवायला रोज वेळ कुणाला?

भंडारा जिल्ह्यात बूट घालून कामावर जाणारा एक वर्ग मात्र जुना आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइल कंपनीच्या मँगनीज खाणी आहेत. चिखल्याची भुयारी, डोंगरीची उघडी. धातूंच्या खाणींसाठी १९६१ ची नियमावली आहे आणि तिच्यात कामगाराच्या पायात संरक्षक बूट असणं बंधनकारक आहे. खाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या बांधीत राबणाऱ्या मजुराच्या पायासाठी असा नियम नाही. शेतीत बुटाचा उल्लेख येतो तो कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत. फवारणाऱ्याला द्यायच्या संरक्षक कपड्यांत हातमोजे, चष्मा यांच्याबरोबर बूटही आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले तेव्हा हा नियम कागदावरच असल्याचं राज्याला कळलं.

सापाची बाजू

बूट हवेतच, असं म्हणणाऱ्यांचा आधार भक्कम आहे. २०२० साली ‘ईलाइफ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मृत्यू मुख्यतः खेड्यांतले, जवळपास निम्मे पावसाळ्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. केंद्र सरकारनेही मार्च २०२४ मध्ये तेच उद्दिष्ट समोर ठेवून राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगण्यात आलं.

शेतातले बहुतेक दंश पावलावर, घोट्यावर किंवा पोटरीच्या खालच्या भागावर होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे विषारी चौघे. त्यांत घोणस, जिला विदर्भात परड म्हणतात, ती गवतात आणि धुऱ्याच्या कडेला निवांत पडून असते आणि पाय पडला की उसळते. तिचे सुळे दीड सेंटिमीटरच्या आसपास लांब असतात. पातळ मोजा किंवा पँट त्यांना अडवत नाही, पण सैल, जाड रबरी नळी बऱ्याचदा अडवते. रबर भेदलं गेलं तरी नळी आणि पाय यांच्यातली पोकळी कामी येते, असं या बाजूचं म्हणणं. भातशेती आणि घोणस या दोन्हींसाठी ओळखल्या जाणाऱ्या म्यानमारमध्ये शेतकऱ्यांसाठी हलके, सापरोधक बूट करून पाहण्यातही आले.

बुटाचे फायदे सापापाशी थांबत नाहीत. कोकणात लेप्टोस्पायरोसिसच्या साथी येतात तेव्हा साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका, हा पहिला सल्ला असतो; जखमेतून जंतू शिरतात. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या तर धानपट्ट्यात घरोघरच्या. रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी पाय धुऊन खोबरेल तेल चोळत बसलेली बाई हे काही नवलाचं दृश्य नाही. शिवाय काच, खिळे, विळ्याचं टोक. या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे: चारपाचशे रुपयांत एवढं टळत असेल तर घासाघीस कसली? शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यावर, त्यात सर्पदंशही आला, गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. त्यातला किती थोडा पैसा आधीच पायावर खर्च झाला असता!

बांधीची बाजू

आता बांधीत उतरू. चिखलणी झालेल्या जमिनीत पाऊल टाकलं की ते घोट्याच्या वर, कधी अर्ध्या पोटरीपर्यंत आत जातं. उचलताना चिखल ते सोडत नाही. पावलाखाली हवा शिरेपर्यंत तळव्याला खाली ओढणारी पोकळी तयार होते. अनवाणी पाय ही ओढ सहज मोडतो. बोटं फाकतात, टाच आधी उचलते, पाऊल तिरपं करून निघतं, कडेने हवा जाते. गमबुटाचा तळ रुंद, सपाट आणि ताठ, त्यामुळे त्याला यातलं काहीच जमत नाही. पाय वर येतो, बूट चिखलातच राहतो. थोडा जोर लावला तर तोल जातो आणि हातातली पऱ्ह्यांची पेंडी पाण्यात.

रोवणी करणाऱ्या बाया उलट्या पावली मागे सरकत जातात. मागचं न पाहता पाय कुठे टाकायचा हे तळव्याला कळलं पाहिजे: कुठे खड्डा, कुठे ढेकूळ, कुठे आधी लावलेलं रोप. रबराच्या तळातून ते कळत नाही. रुंद बुटाने पडलेल्या खड्ड्यात रोप उभं राहत नाही, तरंगतं, आणि ते पुन्हा लावावं लागतं. रोवणीचं काम बहुतेक ठिकाणी टोळीने, ठेक्यावर होतं. एकीचा पाय मंदावला तर सगळ्या टोळीची मजुरी मागे पडते. अशा वेळी बूट ही सोय उरत नाही, तो दंड होतो.

त्यात नळीवरून पाणी आत आलं की प्रत्येक बुटाचं ओझं वाढतं आणि दिवसभर पाय त्याच पाण्यात भिजत राहतो. चिखल्या टाळायला घातलेला बूट चिखल्याच वाढवतो. उकाडा वेगळा. आणि माप! तालुक्याच्या दुकानात गमबूट मिळतात ते बहुतेक पुरुषी मापाचे. चार-पाच नंबरचा पाय असलेली बाई त्यात चिंधी कोंबून चालणार. धानाच्या शेतात सर्वांत जास्त वेळ चिखलात कोण असतं आणि बूट कुणाच्या मापाचा बनतो, याचा विचार करणाऱ्या कारखान्याचं नाव मला तरी सापडलं नाही. टेक्सासच्या जस्टिनने निदान गुराख्याच्या पायाचं माप मागवलं होतं.

कामागणिक वेगळा पाय

या दोन टोकांमध्ये तिसरं मत आहे आणि मला ते सर्वांत विचार करण्याजोगं वाटतं. धानशेती हे एक काम नाही. नांगरट, पऱ्हे टाकणं, चिखलणी, रोवणी, निंदण, खत, फवारणी, पाणी पाहणं, कापणी, कडपा बांधणं, पुंजणे रचणं आणि मळणी अशी ही लांबलचक साखळी आहे. त्यात पोटरीभर चिखल असतो तो चिखलणी-रोवणीला, म्हणजे हंगामातल्या मोजक्या आठवड्यांत. आणि त्या आठवड्यांत मधल्या चिखलात, जिथे दहा-बारा माणसांची हालचाल सतत चालू असते, तिथे सापाची भीती तुलनेने कमी. साप असतो तो धुऱ्यावर, तुरीच्या ओळीत, बांधाच्या बिळात, तलावाच्या पाळीवर. म्हणजे जिथे बूट चालत नाही तिथे त्याची गरज कमी, आणि जिथे गरज जास्त तिथे तो बऱ्यापैकी चालतो.

या मताप्रमाणे गमबूट घालायचा तो गवत कापताना, धुऱ्यावर फिरताना, फवारणीला, रात्री पाणी पाहायला जाताना, आणि तेंदूपत्ता किंवा मोहफुलं वेचायला जंगलात शिरताना. कोका किंवा नागझिरा अभयारण्याच्या कडेच्या गावांना हे शेवटचं कारणही पुरेसं आहे. कापणीनंतरची गोष्ट निराळी. चारपाच दिवस पडून राहिलेल्या कडपांखाली उंदीर जमतात, उंदरांमागे साप येतात, आणि कडपा उचलणाऱ्याचा दंश पायाला न होता हाताला होतो. तिथे बुटापेक्षा काठीने कडपा आधी उलटणं आणि जाड हातमोजे उपयोगाचे.

या मतावरचा आक्षेपही खरा आहे. माणूस दिवसातून चार वेळा पायतण बदलत नाही. बांधीतून धुऱ्यावर आणि धुऱ्यावरून बांधीत अशी ये-जा सतत चालते. धुऱ्याच्या टोकाला ठेवलेला बूट गाठायला त्याच धुऱ्यावरून अनवाणी चालावं लागतं, आणि बूट ठेवून गेलेल्या जागी तो संध्याकाळी असेलच, याची खात्री कोण देणार?

पैसा दुसरीकडे लावा, असं म्हणणारे

चौथी बाजू बुटाच्या विरोधात नाही. ती अग्रक्रमाबद्दल बोलते. मण्यार बहुधा रात्री, घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिथे गमबूट दाराबाहेर पडलेला असतो. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं. खाट आणि मच्छरदाणी हा साधा उपाय बुटाइतकाच, कदाचित जास्त जीव वाचवेल, असं ही मंडळी म्हणतात.

दुसरा मुद्दा विजेचा. उन्हाळी धानाला पंपाचं पाणी लागतं आणि कृषिपंपांना वीज रात्रीची मिळाली की शेतकऱ्याला अंधारात बांधावर जावंच लागतं. दिवसा वीज द्या, ही मागणी विदर्भात जुनी आहे. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच मागणीतून पुढे आली. रात्रीचा फेराच वाचला तर बुटाचा प्रश्न अर्धा सुटतो, हा युक्तिवाद खोडायला अवघड आहे.

तिसरा मुद्दा उपचाराचा. प्रतिविष हेच सर्पदंशावरचं खरं औषध, आणि त्यात वेळ निर्णायक. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष असणं, ते देण्याचा डॉक्टरला आत्मविश्वास असणं आणि रुग्णाने मांत्रिकाकडे वेळ न घालवणं, या तीन गोष्टी जुळल्या की मृत्यू झपाट्याने घटतात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ग्रामीण भागात राहून विंचूदंश आणि सर्पदंशावर केलेल्या कामातून खेड्यातल्या डॉक्टरला काय करता येतं हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. पण उपचार जीव वाचवतो, पाय दरवेळी वाचवत नाही. घोणसच्या विषाने सडलेला पाय घेऊन मजुरी करणं किती दिवस जमेल? म्हणून प्रतिबंधाचा मुद्दा पुन्हा पुन्हा परत येतो.

बाजारात आज काय मिळतं

उंच बुटांचे आजचे पर्याय पाहायला गेलं तर पहिला नंबर पीव्हीसी गमबुटाचा. तुमसर, भंडारा, पवनीच्या बाजारात तीनचारशे रुपयांपासून जोड मिळतो, म्हणजे साधारण दीड-दोन दिवसांची मजुरी. नळी निदान बारा इंचांची घ्यावी. घोट्याच्या जरा वर संपणारे आखूड गमबूट सापासाठी फारसे कामाचे नाहीत. आत कापडी अस्तर असलं तर घाम टिपला जातो, पण भिजलं की वाळायला दोन दिवस लागतात. शेतासाठी बिनअस्तराचा बूट आणि पायात सुती मोजा बरा. घालण्याआधी उलटा करून झटकायचा. बाहेर ठेवलेल्या बुटात विंचू, बेडूक आणि कधी सापाचं पिल्लूही निघतं.

दुसरा पर्याय गेटरचा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोटरीला बांधायचं हे जाड कवच कुठल्याही बुटावर चढतं. वनकर्मचारी आणि सर्पमित्र ते वापरतात. चिखलात ते धुता येतं आणि अनवाणी पायावरही बांधता येतं. पाऊल मात्र उघडं राहतं. जुन्या कापडी पट्टीचाच हा नातू म्हणायचा.

तिसरा पर्याय आपल्याकडे फारसा पोचलेला नाही, पण माझ्या मते सर्वांत अभ्यासण्याजोगा तोच. जपानमध्ये भातलावणीसाठी खास बूट मिळतो. रबर पातळ, नळी गुडघ्यापर्यंत आणि पोटरीला घट्ट, घोट्याजवळ आणि वर आवळायला पट्टे, तळ लवचिक. बूट पायाला मोज्यासारखा चिकटत असल्याने चिखल पाय सोडतो तेव्हा बूटही सोडतो, आणि वरून पाणी शिरत नाही. घोणसच्या सुळ्यांपुढे एवढं पातळ रबर किती टिकेल हा प्रश्न उरतोच. पण चिखल्या, जखमा आणि बांधीतली चाल या तिन्हींचा विचार करून केलेला बूट जगात आहे, एवढं त्यावरून कळतं.

खऱ्या चामडी उंच बुटाची हौस असेल तर ती भारतात भागते. कानपुरात इंग्रजी अमदानीपासून खोगीर आणि लष्करी बुटांचा धंदा आहे आणि घोडेस्वारीचे उंच बूट तिथून आजही परदेशी जातात. काउबॉय घाटाचा बूट शिवून देणारे कारागीरही शोधले तर मिळतात. धानाच्या शेतात मात्र तो आठवड्यात कुजेल. चामडं पाणी पितं आणि भंडाऱ्याच्या पावसाळ्यात ते सुकायला ऊन मिळत नाही.

इथे स्थानिक कारागिराचाही प्रश्न येतो. चर्मकारांसाठी राज्याने १९७४ साली महामंडळ स्थापलं, आज ते संत रोहिदास यांच्या नावाने चालतं. गटई कामगारांना रस्त्याकडेला पत्र्याचे स्टॉल मिळाले. पण गटईवाल्याच्या हाती आज दुरुस्ती उरली आहे, घडण गेली. पीव्हीसीचा बूट साच्यात ओतला जातो, शिवला जात नाही. फाटला की फेकायचा. गेटर मात्र शिवायची वस्तू आहे, आणि तिला लागणारी मशीन आणि हात दोन्ही जिल्ह्यात आहेत. या दिशेने विचार करायला हरकत नसावी.

काय सुटलेलं नाही

पहिली अडचण माहितीची. दंश कुठल्या कामात, दिवसाच्या कुठल्या वेळी, शरीराच्या कुठल्या भागावर आणि पायात काय असताना झाला, या चार गोष्टी रुग्णालयाच्या कागदावर आल्याशिवाय बूट किती दंश टाळेल हे सांगता येणार नाही. सर्पदंशाची नोंद सक्तीची होत असेल तर त्या नोंदीत हे चार रकाने घालणं अवघड नाही.

दुसरी अडचण वाटपाची. फुकट वाटलेला बूट घरात येतो, पायात येतोच असं नाही. फवारणीच्या संरक्षक संचांचा अनुभव समोर आहे: उन्हात, घामात, मास्क आणि गमबूट घालून काम करणारे थोडेच. वाटपाऐवजी अनुदान द्यावं, की ठेकेदाराने किंवा मालकाने बूट द्यावा, की मजुराने स्वतः घ्यावा, यावर एकमत नाही. खाणीत मालक एक असतो. बांधीत आज एकाची, उद्या दुसऱ्याची रोवणी. बूट कुणाच्या खर्चात धरायचा?

तिसरी अडचण काळाची. रोवणीयंत्रं येताहेत, काही शेतकरी आवत्या धानाकडे म्हणजे थेट पेरणीकडे वळताहेत. पोटरीभर चिखलात उभं राहणं कमी होत गेलं तर चिखलात चालणारा बूट शोधण्याची गरजही घटेल, आणि धुऱ्यावरचा, गवतातला, रात्रीचा बूट तेवढा उरेल. हे किती वेगाने होईल आणि त्यात बायांची मजुरी किती जाईल, हा निराळ्या लेखाचा विषय.

सगळ्या बाजू ऐकल्यावर माझं मत कामागणिक पाय वेगळा, या बाजूला झुकतं. सरसकट बूट वाटण्याआधी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेने एका हंगामात जपानी घाटाचा बूट, साधा गमबूट आणि गेटर, हे तिन्ही रोवणीच्या टोळ्यांना, बायांच्या मापात, वापरायला देऊन पाहावेत आणि त्यांचंच ऐकावं. खर्च फार नाही आणि उत्तर एका पावसाळ्यात मिळेल.

तोवर वाचकांना एवढंच: रात्री पाणी पाहायला जाताना उंच गमबूट, हातात बॅटरी आणि काठी असू द्या; घरी जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली खोचा. दंश झालाच तर बूट, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण पाय सुजतो. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, माणसाला चालवू नका. पाय हलू न देता १०८ ला फोन लावा आणि प्रतिविष असलेल्या सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.